दहाव्याचा पारवा

दहाव्याला कावळा शिवला नाही.

सगळं सुरू झालं ते इथून. पाटी पार नंतरची.

शहादेव उसाच्या फडात पाचटावर जरा आडवा झाला, तो उठलाच नाही. गावी आणला. दहाव्याला नदीकाठी भाताचा पिंड ठेवला. भावकी उन्हात उभी. कावळा यावा म्हणून एकेकानं शब्द दिला. बैल विकणार नाही. पोराला, सोमेश्वरला, फडात धाडणार नाही. लिंबावरचे कावळे नुसते बघत बसले. शेवटी गुरुजी दर्भाचा कावळा वळायला लागले, तशी शहादेवची बायको रुक्मिणीबाई पुढं सरकली.

"धनी, जीव अडकवू नका. तुमाला एक दिस बी उपाशी ठिवणार न्हाई."

आणि पारवा आला. कुठून, कोण जाणे. पिंडापाशी उतरला, शीत उचललं.

"पारवा चालतो का?"

"शिवला म्हंजी शिवला," भावकी म्हणाली. ऊन लई होतं.

*

तेव्हापासून पाटोद्याच्या बाजारतळावर रोज सकाळी मूठभर ज्वारी. थव्यात शहादेव कोणता, हे काही तिला कळायचं नाही.

म्हणून सगळ्यांनाच.

चहावाला बंकट चिडवायचा, "मावशे, आज काका कोणते? त्यो लंगडा का?"

"लंगडा तू. चहा बघ, उतू चालला."

*

येथे कबुतरांना दाणे टाकण्यास मनाई आहे.
टाकल्यास दंड करण्यात येईल.

*

आणि पाटीपाशी, गळ्यात शिट्टी अडकवून, सोमेश्वर. तिचाच पोरगा. नगरपंचायतीत नुकता लागलेला.

"माय, घरी जा."

"कावून आडवतो रे? तुझा बाप उपाशी हाय."

"लोकायला दमा लागलाय या घाणीनं. बंकटची बायको दवाखान्यात हाय, ठाव हाय ना?"

तिनं बंकटकडं पाहिलं. आज तो धुतलेलाच गिलास पुन्हा धूत राहिला.

"एक मूठ, सोम्या. ह्या कडंला टाकते."

सोमेश्वरनं शिट्टी ओठाला लावली. वाजवली नाही. खाली घेतली.

"मला काढून टाकतील, माय. बापाचा कोयता माळ्यावर हाय. काढू का खाली, फडात जायला?"

*

(कोयता. दांड्याला शहादेवनं गुंडाळलेली चिंधी अजून तशीच.)

*

पारवे पायाशी आले होते. एक तिच्या चपलेवर चढला. मूठ बंदच.

"धनी," ती सगळ्यांनाच म्हणाली, कारण नेमकं कुणाला म्हणायचं ते ठाऊक नव्हतं, "मी दिल्याला शबुद माघारी घेते. तुमी न्हाईतर पोरगं, असं झालंय. जावा आता."

कुणी हललं नाही.

"हुश्श!" तिनं पदर झाडला. थवा उडाला, बाजारतळावरून एक वळसा घेतला आणि पुन्हा तिच्याच पायाशी उतरला. रोजची सवय.

बंकटनं तोंड फिरवलं.

"वाजव," ती म्हणाली.

"माय..."

"वाजव की रे. माझ्यानं न्हाई जायचे ते."

शिट्टी वाजली. पंखांचा फडफडाट झाला.

तिनं वर पाहिलं नाही. सगळ्यात शेवटी कोणता उडाला, म्हणजे शहादेव कोणता, ते कळलं असतं.