भिंगरीची खाज

भिंगरीला दिवाळीच्या सुमारास खाज सुटली, ती संक्रांत आली तरी हटेना. मान आणि शेपटीचं बूड खाजवून खाजवून त्या मांजरीनं केस घालवले, कातडीवर खपल्या आणल्या. रंगुबाईनं कडुलिंबाच्या पाण्यानं पुसून पाहिलं, खोबरेल लावून पाहिलं. भिंगरी तेल चाटून घेई आणि पुन्हा खाजवत बसे. रंगुबाईच्या पोटी लेकरू नव्हतं, जे काही होतं ते हे मांजर. तिला ते बघवत नसे.

“शिरूरच्या डॉक्टरला दावू या की,” ती नवऱ्याच्या रोज मागं लागे.

“मांजरापायी शिरूरला? लोकं हसत्याल,” आण्णा म्हणत.

त्यांचं तरी काय चुकलं म्हणा! मांडवगणात कुणाची गाय अडली, म्हैस फुगली, की माणूस आधी आण्णांचं दार गाठी. त्यांच्या हाताला गुण होता, आणि तो आहे हे त्यांना जरा जास्तच ठाऊक होतं.

शेवटी त्यांनीच गोठ्यातून गोचिडाच्या औषधाची बाटली आणली. गाईच्या पाठीवर ओततात ते. एवढ्याशा जिवाला दोन थेंब बास, असा हिशेब करून त्यांनी ते मानेवर लावलं, जीभ पोचणार नाही अशा जागी. एवढी काळजी त्यांनी स्वतःच्या दुखण्याचीही कधी घेतली नव्हती. भिंगरी ओरबाडेल म्हणून रंगुबाईनं तिचे पाय घट्ट धरून ठेवले होते.

दुपारी भिंगरी थरथरायला लागली. तोंडातून लाळ गळू लागली, उभी राहिली की मागचे पाय कोलमडत. आण्णांनी मोटारसायकल काढली. रंगुबाई तिला पदरात गुंडाळून मागं बसली.

शिरूरच्या दवाखान्यात अनुपमा डॉक्टर होत्या. त्यांनी पहिल्यांदा हेच विचारलं, “हिला काही लावलंय का? एखादं औषध, फवारणीचं काही?”

“न्हाई,” आण्णा म्हणाले.

रंगुबाईनं चमकून नवऱ्याकडे पाहिलं. खरं काय ते तिच्या अगदी ओठावर आलं होतं. पण बाकावर शेळी घेऊन त्यांच्याच गावचे सोपानराव बसले होते, आणि चाळीस वर्षांच्या संसारात तिनं चारचौघांत नवऱ्याचा शब्द कधी खोडला नव्हता. मेली ती रीत! ती गप्प बसली.

विषानं मेलेला उंदीर खाल्ला असेल, असं धरून डॉक्टरांनी उपचार सुरू केले. इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं. अर्धा तास गेला. थरथर वाढून झटके येऊ लागले, ते थांबेनात. भिंगरीचे डोळे पांढरे झाले तेव्हा रंगुबाईच्या तोंडून निघून गेलं, “गोचिडाचं औषिध लावलंया. मानंवर.”

डॉक्टर ताडकन उठल्या. पाणी, साबण घेऊन मान धुवायला लागल्या. “अहो आजी, गाईचं हे औषध मांजराला विष असतं. आल्या आल्या सांगायचं ना! आधी हेच धुतलं असतं.”

बाकावरून सोपानराव बघत होते. आण्णांनी कुणाकडेच पाहिलं नाही. थोड्या वेळानं भिंगरी टेबलावरच गेली.

परतीच्या वाटेवर न्हावरा गाव मागं पडलं. रंगुबाई मनातल्या मनात नवऱ्याला बोल लावत होती, एवढा कसला ताठा म्हणून. मग आण्णांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, उतरले आणि पाठमोरे उभे राहिले.

“मला लाज आडवी आली,” ते म्हणाले. “पर तुला तर समदं ठावं व्हतं, रंगू. तू का न्हाई बोललीस?”

मनातल्या मनात लावलेले सगळे बोल आता तिच्याच अंगावर आले.

“तुमची मान खाली जाऊ नये म्हनून,” ती म्हणाली, आणि पदरातलं ओलं मांजर उराशी धरून तिथंच मातीत बसून रडायला लागली.