अकरा सेकंदांचं घोरणं

रुग्णवाहिकेच्या कंट्रोल रूममध्ये फोन घेणाऱ्या बाईंना सगळे मास्तरीणबाई म्हणत. पलीकडचा माणूस कितीही आरडाओरडा करो, बाई आपल्या शुद्धलेखन घातल्यासारख्या एकेक शब्द सुटा बोलायच्या.

भर दुपारी फोन आला. बाईंनी आधी पत्ता घेतला, गाडी सोडली, मग विचारलं, "काय झालंय?"

"ह्यांना केव्हाची हाका मारतेय, उठतच नाहीत. आरामखुर्चीत आहेत. गाढ झोपलेत बहुतेक. घोरतायत."

बहुतेक! या एका शब्दानं आजवर किती जणांचा घात केला असेल, देव जाणे.

"त्यांनी श्वास घेतला की 'आता' म्हणा."

"आता."

बाईंची नजर घड्याळावर. पाच सेकंद. आठ. अकरा.

"आता."

हे घोरणं नव्हतंच. हृदय बंद पडल्यावरही शरीर थोडा वेळ असे आचके देत राहतं. बाईंचा आवाज मात्र तसूभरही चढला नाही. "त्यांना जमिनीवर घ्या. उताणं."

"अगं बाई, कंबर धरलीये त्यांची! ओरडतील माझ्यावर."

"ओरडू देत. ओढा."

धप्पकन आवाज आला.

"छातीच्या मधोमध एक तळहात, त्यावर दुसरा. सगळा भार टाकून दाबा, पटापट. माझ्याबरोबर मोजा. एक, दोन..."

"कडकन वाजलं! बरगडी मोडली हो माझ्या हातून!"

"मोडू दे. बरगडी जुळते. थांबायचं नाही. तीन, चार..."

दोघी सहा मिनिटं मोजत राहिल्या. मग बुटांचा धाड धाड आवाज आला आणि कुणीतरी म्हणालं, "काकू, बाजूला व्हा." यंत्रानं एक झटका दिला, मग दुसरा. थोड्या वेळानं तोच आवाज म्हणाला, "नाडी लागतेय. उचला."

काकूंनी फोन पुन्हा कानाला लावला. जिवात जीव आला होता, म्हणूनच आता मन खाऊ लागलं.

"ताई, मी शेवटची भांडी विसळत होते ना, तेव्हाच ह्यांचं घोरणं सुरू झालं होतं. म्हटलं, झोपमोड नको. मीच दार लोटून घेतलं. तुम्हाला लगेच कळलं असतं, हो ना?"

बाईंना दुसऱ्या 'आता'लाच कळलं होतं.

"छे हो," त्या म्हणाल्या, "मलाही घोरणंच वाटलं असतं."