मुकादमांची साक्ष

मुकादम रुळाला गाल टेकवून एक डोळा मिटायचे, तेव्हा गँगमधली माणसं आपसूक गप्प व्हायची. घटकाभर तसेच पडून राहायचे, मग हात वर करून म्हणायचे, "खांबाच्या पुढं, चौथा स्लीपर. दोन बोटं आत घ्या." माणसं पहारी लावायची, एका दमात जोर करायची, आणि रूळ दोन बोटं आत यायचा. नंतर साहेब येऊन मोजपट्टी लावायचे आणि काही न बोलता पुढे जायचे. साहेब काही बोलले नाहीत म्हणजे काम चोख, हे गँगला ठाऊक होतं. मुकादमांच्या डोळ्यात ओळंबा बसवलाय, असं सगळे म्हणायचे, आणि मुकादम वरवर हसून सोडून देत असले तरी ते त्यांना आवडायचं.

बावीस माणसांची ती गँग. अकरा किलोमीटरचा मार्ग त्यांच्या ताब्यात. खडी सरकली की भरायची, रुळाखालचा आडवा स्लीपर दबला की उचलायचा, रूळ स्लीपरला जखडणाऱ्या चाव्या सैल झाल्या की ठोकायच्या. या अकरा किलोमीटरांत एक लांब वळण होतं, दोन्ही बाजूंनी खडक फोडून काढलेलं. वारा तिथं पोचत नसे आणि उन्हाळ्यात तिथला रूळ तव्यासारखा तापे. ते वळण मुकादमांनी सव्वीस वर्षं लेकरासारखं सांभाळलं होतं.

मग मशीन आलं. दोन डब्यांएवढं लांब, पिवळंधमक. पोटाखालची पोलादी बोटं खडीत खुपसायचं, थरथरायचं, स्लीपरखाली खडी घट्ट दाबायचं, रूळ उचलून सरळ करायचं आणि पुढच्या स्लीपरकडे सरकायचं. गँगनं त्याचं नाव 'धूड' ठेवलं. धुडाच्या पाठोपाठ कागद आला आणि बावीसची नऊ माणसं राहिली. कुणाला फाटकावर पाठवलं, कुणाला कचेरीत. चाव्या ठोकणाऱ्या चावीवाल्याबरोबर मुकादमांनी एकोणीस वर्षं एका सावलीत बसून डबा खाल्ला होता, तो पार दुसऱ्या टोकाच्या फाटकावर गेला. त्या दिवशी मुकादमांनी डबा न उघडताच घरी परत नेला. बायकोनं विचारलं तर म्हणाले, भूक नव्हती.

मशीन चालवणारी बाई तिशीची होती. गँगमध्ये तिला मशीनवाली म्हणायचे. ती मात्र पहिल्या दिवसापासून मुकादमांना काका म्हणू लागली. खरं सांगायचं तर मुकादम तिच्याशी फटकून वागायचं ठरवूनच गेले होते. पण पहिल्याच आठवड्यात ती मशीनवरून उतरून त्यांच्याशेजारी उकिडवी बसली आणि म्हणाली, काका, तुम्हाला काय दिसतं ते मलाही दाखवा. मग स्वच्छ कपड्यांनिशी खडीत आडवी झाली, रुळाला गाल लावला, आणि तिला काही म्हणजे काही दिसलं नाही. पाचव्या दिवशी तिला रुळातला एक बाक दिसला. तो खरा होता. मुकादमांनी घरी जाऊन बायकोला ते सांगितलं, आणि बायकोला वाटलं, चला, यांचा राग निवळला.

निवळलाही असता. पण महिन्याभरानं मोठे साहेब पाहणीला आले. मशीनपाशी उभे राहून सगळ्यांसमोर म्हणाले की या गँगला जे करायला पंधरवडा लागायचा ते हे मशीन तीन तासांत करतं, तेही डोळे न मिचकावता. सोबतचे हसले. मशीनवालीही हसली. साहेब बोलले की हाताखालच्या माणसानं हसायचं असतं, तसं ती हसली असेल. मुकादमांच्या मात्र ते हसू जिव्हारी लागलं. साहेबांचं बोलणं ते चार दिवसांत विसरले, तिचं हसू विसरले नाहीत. त्यानंतर ती रुळाजवळ येऊन बसली की ते उठून दुसरीकडे जायचे. ती काका म्हणाली की हो-नाहीत उत्तर द्यायचे.

उन्हाळा आला. वळणावर मशीन लावायचं घाटत होतं, पण ब्लॉक मिळत नव्हता. ब्लॉक म्हणजे गाड्या थांबवून कामाला दिलेला वेळ. तीन वेळा मागून तीन वेळा नाकारला गेला. चौथ्यांदा मिळाला तो भलत्या वेळी, सकाळी साडेदहा ते दीड. आता घ्या नाहीतर पावसाळ्यानंतर बघू, असा वरून निरोप.

रूळ फार तापला असेल तर खडी हलवायची नाही, हा या धंद्यातला पहिला धडा. तापलेला रूळ लांबायला बघतो. खडी घट्ट असते म्हणून तो जागेवर दबून राहतो. ती खडी मोकळी केली की त्याला धरणारं कुणी उरत नाही. म्हणून काम सुरू करण्याआधी तापमान बघायचं. रुळाला चिकटवायचा थर्मामीटर मुकादमांच्या ताब्यात असे. त्यांनी तो दहा वाजता सावलीच्या बाजूनं लावला होता आणि आकडा बघितला होता. काम करण्याजोगा तो नव्हता. अजून ऊन चढायचं होतं.

मशीनवाली खाली उतरून त्यांच्याकडे आली. वरून फोनवर फोन येत होते, कपाळावर घाम होता. साहेबांनी तिथं हजर असायला हवं होतं, पण ते बैठकीला गेले होते.

"काका, रूळ किती तापलाय? हात लावू ना आज?"

मुकादमांच्या शर्टाच्या खिशात आकडा लिहिलेला कागद होता. त्यांनी तिच्याकडे बघितलंही नाही.

"तुमच्या मशीनला सगळं कळतं म्हणे," ते म्हणाले. "मला कशाला विचारता?"

ती जराशी थांबली. मग पुन्हा फोन वाजला, आणि ती मशीनवर चढली.

मुकादमांनी नंतर स्वतःला हजार वेळा सांगितलं की ते तिला पुन्हा हाक मारणारच होते. अर्ध्या तासानं मारू, पहिले वीस स्लीपर झाले की मारू. थोडी फजिती होऊ दे, मग सांगू. पण मशीन फार वेगानं पुढे गेलं, आणि वेळ टळून गेल्यावर आपण आधी का नाही सांगितलं हे सांगावं लागलं असतं. ते खडकाच्या सावलीत उभे राहिले आणि बघत राहिले.

दीड वाजता मार्ग मोकळा झाला. गाड्या सावकाश सोडल्या. तीन वाजून दहा मिनिटांनी मालगाडी वळणावर आली, तेव्हा चालकाला समोरचा रूळ नदीसारखा वळलेला दिसला. त्यानं ब्रेक दाबला, पण भरलेली मालगाडी म्हटल्यावर ती थोडीच जागच्या जागी थांबते. सात वाघिणी, म्हणजे मालाचे डबे, रुळावरून उतरल्या, दोन आडव्या झाल्या. चालकाचा खांदा निखळला. जीव कुणाचा गेला नाही, हेच काय ते नशीब.

चौकशीला तीन अधिकारी होते. मुकादम खुर्चीवर बसले तेव्हा मशीनवाली भिंतीजवळच्या बाकावर होती. तिची जबानी आधी झाली होती. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. काका आलेत, आता खरं काय ते कळेल, अशा नजरेनं ती बघत होती. तीच नजर मुकादमांना पुढं कित्येक महिने झोपू देणार नव्हती.

मधल्या अधिकाऱ्यानं विचारलं, "काम सुरू करण्याआधी ऑपरेटरनं तुम्हाला रुळाचं तापमान विचारलं होतं का?"

हो म्हटलं तर पुढचा प्रश्न येणार होता, मग तुम्ही काय सांगितलंत? निवृत्तीला सव्वादोन वर्षं राहिली होती.

"नाही," मुकादम म्हणाले.

त्यांनी बाकाकडं मान वळवली नाही.

तिला मशीनवरून काढलं. शहरातल्या भांडारात, हातमोजे, बूट आणि पहारी वाटायच्या खिडकीवर बसवलं. धुडावर दुसरा माणूस आला. तो मुकादमांशी कामापुरतंच बोलायचा, आणि मुकादमांना ते बरंच वाटायचं.

सव्वादोन वर्षं गेली. निरोपाच्या दिवशी गँगनं मुकादमांना घड्याळ दिलं. साहेब भाषणाला उभे राहिले. म्हणाले, अठ्ठावीस वर्षांत यांच्या वळणावर एकच अपघात झाला, आणि तोही यांच्या हातून नव्हे, त्या मशीनवालीच्या बेफिकिरीमुळे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. चावीवाला मुद्दाम रजा काढून आला होता, तोही वाजवत होता. मुकादमांनी रुमालात तोंड लपवलं. लोकांना वाटलं, गहिवरले.

घरी येऊन त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. कागदावरच्या आकड्यापासून त्या एका शब्दापर्यंत. बायको भाजी निवडत होती. तिचा हात थांबला. ती रडली नाही की रागावली नाही, नुसती त्यांच्याकडे बघत राहिली, जणू बत्तीस वर्षं घरात वावरणाऱ्या या माणसाला ती नव्यानं ओळखून घेत होती.

"मला काय सांगता?" ती शेवटी म्हणाली. "तिला जाऊन सांगा."

"आता सांगून काय होणार?"

"ते तिला ठरवू दे. तुम्ही का ठरवता?"

तरीही जायला मुकादमांनी तीन आठवडे लावले. कधी गुडघा दुखला, कधी गॅसवाला यायचा होता. शेवटी बायकोनं त्यांचा इस्त्रीचा शर्ट काढून खुर्चीवर ठेवला. तेव्हा गेले.

भांडाराच्या खिडकीमागं ती बसली होती. केस थोडे पांढरे झाले होते, चष्मा लागला होता. मुकादमांना बघून ती उठली, बाहेर आली, आणि तिचा चेहरा खुलला. याची त्यांनी तयारी केलेली नव्हती. तिनं शिव्या दिल्या असत्या तर काय बोलायचं ते बसमध्ये घोकून झालं होतं. तिनं स्टूल पुढे केलं, चहा मागवला, निवृत्ती झाली का विचारलं, काकू कशा आहेत विचारलं. मुकादमांनी चहा हातात धरला आणि निवू दिला.

मग त्यांनी सांगितलं. खाली बघून, अडखळत, पण सगळं सांगितलं. तुम्ही मला विचारलं होतं, मला आकडा ठाऊक होता, आणि मी चौकशीत खोटं बोललो.

खिडकीवर एक माणूस बूट घ्यायला आला, तिनं त्याला बूट दिले, सही घेतली आणि परत येऊन बसली.

"काका, तुम्ही नाही म्हणालात ना, ते इतकं ठाम म्हणालात," ती हळू आवाजात म्हणाली, "की मला वाटलं, मी विचारलंच नसेल. गडबडीत मनातल्या मनात विचारलं असेन. काका कशाला खोटं बोलतील? दोन वर्षं मी रोज तो दिवस आठवतेय. आईला विचारायचे, मी विसरभोळी आहे का गं. आता घरातून निघताना कुलूप तीनदा ओढून बघते."

मुकादमांना वाटलं होतं की आपण तिची नोकरी घालवली. तिचा स्वतःवरचा भरवसाही आपण नेला, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. त्यांनी हात जोडले. तिनं ते बघितलं आणि मान फिरवली.

"तापमान मी स्वतः बघायला हवं होतं," ती म्हणाली. "ती चूक माझीच. ती मी कधी नाकारली नाही. पण तुम्ही आता जा काका. मला इथं रडायचं नाही."

मुकादम तिथून उठले ते थेट मुख्य कचेरीत गेले. कारकुनानं सांगितलं की ते प्रकरण कधीच बंद झालं, चौकशीचे दोन अधिकारीही आता इथं नाहीत. मुकादम म्हणाले, कागद तरी घ्या. बाकड्यावर बसून त्यांनी दोन पानं लिहिली. खाली सही केली. कारकुनानं शिक्का मारला आणि पोच दिली.

मग महिने गेले. दोनदा बोलावणं आलं, दोनदा मुकादमांनी तेच उभ्यानं सांगितलं. एका तरुण अधिकाऱ्यानं विचारलं की निवृत्तीनंतर हे सांगायचं कसं सुचलं, आधी का नाही? मुकादम म्हणाले, आधी भीती होती. अधिकाऱ्यानं ते तसंच लिहून घेतलं. गावभर झालं. चावीवाल्याचा फोन यायचा बंद झाला. साहेब बाजारात दिसले तर रस्ता ओलांडून गेले. बायको मात्र पहिल्यासारखी बोलू लागली, हळूहळू.

सातव्या महिन्यात पत्र आलं. अपघाताच्या जबाबदारीत मुकादमांचं नाव जोडलं होतं. ऑपरेटरवरचा बेफिकिरीचा शेरा काढला होता, चूक तेवढी ठेवली होती. तिची इच्छा असल्यास तिनं पुन्हा परीक्षेला बसून मशीनवर यावं, असं खाली लिहिलं होतं.

मुकादमांनी आठ दिवस वाट बघितली आणि मग न राहवून तिला फोन लावला. उचलेल असं वाटलं नव्हतं, पण तिनं उचलला.

"पत्र मिळालं," ती म्हणाली. "फॉर्म टेबलावर आहे. रोज बघते. मशीनचा आवाज आठवला की बरं वाटतं, आणि ते वळण आठवलं की हात गार पडतात. भरीन की नाही, मलाच माहीत नाही."

मुकादमांना खूप काही म्हणायचं होतं. फॉर्म भरा, असं म्हणायचं होतं. तुमच्यासारखं खडीत पडून शिकायला दुसरं कुणी कधी आलं नाही, हेही सांगायचं होतं. पण ते सांगायचा हक्क आपण कधीच गमावला, एवढं त्यांना कळत होतं.

"बरं," ते म्हणाले.

"काकूंना नमस्कार सांगा," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

परीक्षेची तारीख पुढच्या महिन्यात होती. ती आली आणि गेली. मुकादमांनी कुणाकडे चौकशी केली नाही. बाजारात भेटलेल्या गँगमधल्या एकानं आपणहून सांगायला सुरुवात केली, तेव्हा त्यांनी त्याला हातानंच थांबवलं आणि पिशवी घेऊन घराकडे निघाले.