डाव्या बाहीची तक्रार

लॅपटॉप ठेवायला जागा व्हावी म्हणून मुलीने जेवणाच्या टेबलावरची लोकर बाजूला सारली, तशी आईने तिचा हात धरला.

"सावकाश. तो गुंता नाहीये, माप चाललंय."

मुलीने लोकर होती तशी अलगद उचलून खुर्चीवर ठेवली आणि साइट उघडली. वरच लाल पट्टी होती. ही सेवा महिनाअखेरीस बंद होत आहे, आपापले प्रकल्प हलवावेत. याच कामासाठी ती सुट्टी काढून आली होती.

आईचा प्रोग्राम स्वेटर विणणाऱ्यांसाठी होता. अंगाचं माप आणि लोकरीची जाडी सांगितली, की कुठल्या ओळीत किती टाके घ्यायचे आणि कुठे कमी करायचे ते तो सांगे. आई कॉलेजात गणित शिकवायची, आत्या विणकामाचे वर्ग घ्यायची. दोघी नणंद-भावजयींनी मिळून तो लिहिला होता. आत्याला कोड लिहायला आईनेच शिकवलं. सुरुवातीला त्यांनी तो फ्लॉपीवर घालून मैत्रिणींना वाटला. मग ही साइट निघाली. आपला कोड सगळ्यांसाठी खुला ठेवणाऱ्या कुणालाही तिथे फुकट जागा मिळे. कोड राही, त्यातल्या बदलांची नोंद राही, वापरणाऱ्यांना तक्रारी लिहिता येत. त्या दिवसांत दोघी शेजारी बसून इतरांचे प्रकल्प उघडून बघायच्या. कोण काय करतंय, कुणाचं काय अडलंय, यावर नव्या शेजाऱ्यांबद्दल बोलावं तशा बोलायच्या.

पुढे साइटला उतरती कळा लागली. जाहिराती इतक्या वाढल्या की डाउनलोडचं खरं बटण कुठलं ते कळेना. लोक एकेक करून नव्या साइटवर जायला लागले. आपणही जाऊ, असं आत्या म्हणाली. ज्यांनी आपल्याला जागा दिली त्यांना पडत्या काळात सोडायचं का, असं आई म्हणाली. शब्दाने शब्द वाढला. शेवटी आत्याने प्रोग्रामची एक प्रत उचलली आणि नव्या साइटवर वेगळी चूल मांडली. तेव्हापासून घरच्या समारंभातही दोघी हॉलच्या दोन टोकांना बसत. एकीचा निरोप दुसरीला सांगणं बाबांनी केव्हाच सोडून दिलं होतं.

"कोड आत्ता हलवते," मुलगी म्हणाली. "तक्रारींची पानं मात्र आपोआप येणार नाहीत. सोडून देऊ?"

"कोड मागे राहिला तरी चालेल. तक्रारी घे."

मुलीने मान वर केली. आई मोजायच्या टेपची गुंडाळी करत होती, आणि ती गुंडाळी काही केल्या संपत नव्हती.

उघडी तक्रार एकच होती. 'डावी बाही उजवीपेक्षा लांब येते.' लिहिणारी आत्या. खाली आईचं उत्तर होतं, 'मा. तक्रारदार, लोकर कोणती वापरलीत?' त्यावर आत्या, 'मा. व्यवस्थापक, लोकर तीच. सुया बदलल्या.' मुलगी वाचत खाली गेली. पान संपेना.

'मा. व्यवस्थापक, पुन्हा विणून बघते आहे. गुडघ्यामुळे फार वेळ बसवत नाही, तरी उशीर होईल.'

'मा. तक्रारदार, घाई नाही. गुडघा शेकावा. आपल्या भाचीला नोकरी लागली. केवळ नोंदीसाठी.'

'मा. व्यवस्थापक, नोंद घेतली. फार म्हणजे फार आनंद झाला. बाही मात्र लांबच.'

मुलीला हसू आवरेना. तिने प्रोग्राम चालवून पाहिला. दोन्ही बाह्यांच्या ओळी सारख्या आल्या.

"आई, यात चूक नाहीच आहे."

"नाहीच."

"मग?"

"वन्सं दुसरी बाही नेहमी सैल विणतात. कंटाळतात तोवर. वाचल्याबरोबर कळलं होतं मला."

"मग तसं लिहायचं ना!"

"लिहिलं असतं," आई म्हणाली, "तर तक्रार बंद करावी लागली असती."

आत्याने लिहिलेलं तिच्या नावासकट हलवायचं तर तिला विचारायला हवं होतं. मुलगी फोन घेऊन बाल्कनीत गेली.

"घे गं, सगळं घे," आत्या म्हणाली. "माझ्या गुडघ्यासकट घे."

"आत्या, ती बाही खरंच लांब येते?"

"येते ना. माझ्याच हाताने. दुसरी बाही सैल पडते माझी, मला काय कळत नाही?"

"मग तक्रार कशाला केलीस?"

पलीकडे भांड्यांचा आवाज होत होता, तो थांबला.

"त्या साइटने तेव्हा नियम काढला होता. वर्षभर हालचाल नाही तो प्रकल्प काढून टाकणार. वहिनीने रागारागात काम टाकून दिलेलं, आणि सूचना वाचायची तिला सवय नाही. म्हटलं, तक्रार आली की उत्तर द्यायला तरी येईल. तिथलं तिचं सगळं पुसलं जायला नको." मग घाईघाईने, "तिला बोलू नकोस हं. म्हणेल, उपकार केले."

मुलगी आत आली तेव्हा आई टेबलाशी तशीच बसली होती.

"काय म्हणाल्या?"

"हो म्हणाली."

"हो म्हणायला एवढा वेळ?"

"गुडघ्याचं सांगत होती."

आईने मान हलवली. मुलीने नव्या साइटचं पान उघडलं आणि लॅपटॉप आईकडे वळवला.

"आता इथे तुझं खातं काढू. मग सगळं इथे आणते. पुढचं कसं करायचं तेही शिकवते तुला."

आई पडद्याकडे बघत राहिली. मग तिने लॅपटॉपचं झाकण हळूच खाली केलं.

"तू नको. तुझं सगळं भराभर असतं, माझ्या डोक्यावरून जातं."

"मग कोण शिकवणार?"

"वन्संना येतं की. त्या केव्हाच्या आहेत तिथे."

तिने फोन ओढून घेतला. नंबर शोधावा लागला नाही. घसा खाकरला, केसांवरून हात फिरवला.

"वन्सं, मी बोलतेय."

आईने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"हो, मीच. उद्या घरी आहात का?"

मुलगी उठली, परत बाल्कनीत गेली आणि तिने मागे दार ओढून घेतलं.