हिरव्या यादीतला सिद्धराम

"तुमीच रोज देवाचे फोटू धाडता व्हय?" सिद्धरामच्या आईनं, पार्वतम्मानं मोबाइल पुढं केला. "मी एक बी चुकवला न्हाय. सकाळी आठला आला की हात जोडल्यालं चित्र दाबते. नातीनं शिकवलंय."

शिवानंद उंबऱ्यावरच खाली बसला.

युक्ती त्याचीच. तो स्वतः नऊ वर्षं एचआयव्हीची गोळी खाणारा, संस्थेतर्फे आपल्यासारख्याच समलिंगी पोरांना तिची आठवण करून देणारा. पण 'गोळी घेतली का' असं मोबाइलवर विचारणार कसं? घरातलं कोणीही वाचणार. म्हणून सिद्धेश्वराचा फोटो धाडायचा. गोळी घेतली की पोरानं उलट हात जोडायचे. सोलापुरात देवावर कोण संशय घेतो? आणि देवाचा फोटो आल्यावर आई हात जोडल्याशिवाय राहील का, एवढं या शहाण्याला सुचलं नाही. दोन महिने संस्थेच्या यादीत सिद्धराम हिरवा, म्हणजे गोळी न चुकवणारा. मीटिंगमध्ये टाळ्यासुद्धा वाजल्या. काल औषध न्यायच्या तारखेला तो आला नाही, तेव्हा कुठं शिवानंदचे पाय इकडं वळले.

"फोन तुमच्याकडं कसा, अम्मा?"

"थोरल्या पोरानं काढून घेतला की. कुणा बाप्याचा फोटू घावला म्हणं त्यात. सिद्धरामला लई मारला. लूमवर कामाला बी जाऊ देईना. दोन म्हैनं झालं, पडूनच हाय."

आत चादरीखाली नुसती हाडं होती.

"गोळ्या?" शिवानंदनं कानाशी विचारलं.

"लूमवर ऱ्हायल्या. पेटीत." सिद्धराम हसायला गेला आणि खोकला. "तुझ्या यादीत पास हाय न्हवं मी?"

"गप की, भाड्या."

शिवानंदनं संस्थेच्या मॅडमना फोन लावला. "सिद्धरामचं हिरवं पुसा अन् दवाखान्यात खाट बघा."

"अरे, रिपोर्ट वर गेलाय."

"रिपोर्ट घाला चुलीत. माणूस चाललाय हितं."

पार्वतम्मा दारात आडवी आली. "कसला आजार हाय, यप्पा? खरं सांग."

सिद्धरामनं मान हलवली. नको.

"औषधानं आटोक्यात येतोय, अम्मा. नाव त्योच सांगंल, उठला की. थोरला यायच्या आत जाऊ द्या."

ती बाजूला झाली.

रिक्षा गल्लीच्या तोंडाशी उभी होती. शिवानंदनं सिद्धरामला पाठीवर घेतलं. जन्मात कधी त्यानं भररस्त्यात कुणा पुरुषाचा हात धरला नव्हता. आता सिद्धरामचे दोन्ही हात त्याच्या गळ्यात होते, गाल मानेला टेकला होता. ओट्यांवरच्या बाया बघत होत्या. एकीनं आपली बादली उचलून वाट करून दिली.