जर्मनीकडे तोंड केलेलं घड्याळ

बसव्वा गेली आणि आठवड्याभरात आमचं भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं. गल्लीला वाटलं, बायकोच्या दुःखानं मी ते थांबवलं. तसलं काही नव्हतं. किल्ली ती द्यायची. ती गेली, किल्ली द्यायची राहिली. मग मीही हात लावला नाही.

तिच्या पहिल्या पुण्यस्मरणाला मुलगा श्रीशैल जर्मनीहून आला. येताना रेडिओवर चालणारं घड्याळ घेऊन आला. मला न विचारता जुनं घड्याळ खिळ्यावरून काढलं, पोत्यात घातलं आणि पोतं भंगारवाल्यासाठी जिन्याखाली ठेवलं.

"बंद घड्याळ घरात ठेवू नये, अप्पा."

"बंद हाय. बिघडलेलं न्हाय."

त्यानं ऐकलं नाही. नवीन घड्याळाचं कौतुक सुरू केलं. जर्मनीत एक मनोरा आहे म्हणे. तिथून रेडिओनं वेळ सोडतात, घड्याळ ती पकडतं आणि आपले काटे आपणच लावून घेतं. लाखो वर्षांत एका सेकंदाचा फरक नाही. मी जन्मभर गुळाची अडत केली. एवढं कौतुक करून विकणाऱ्याचा गूळ आतून ओला निघतो, हे मला ठाऊक आहे.

सेल घातल्यावर काटे गरागरा फिरले आणि बारावर येऊन थांबले. थांबले ते थांबलेच. सोबतच्या कागदात लिहिलं होतं, घड्याळ जर्मनीकडे तोंड करून खिडकीत ठेवा. म्हणून हा इंजिनिअर घड्याळ छातीशी धरून खिडकीत उभा राहिला. तिथं जमेना, तेव्हा गच्चीवर गेला.

पलीकडच्या गच्चीवरून शेजारच्या आकारामनं विचारलं, "पावणं, कुणाला टाईम दावायला लागलाय?"

"सिग्नल शोधतोय, काका. जर्मनीचा."

"सांगली स्टेशन चांगलं लागतंय की आमच्यात. त्येच बघा."

रात्री सिग्नल बरा येतो म्हणून घड्याळ गच्चीवरच झोपवलं. सकाळी आणलं, तर बाराच.

"इतक्या लांब पोचत नसेल," श्रीशैल म्हणाला. "मागं बटण आहे. हातानं लावतो."

"हातानंच लावायचं व्हय? मग त्या मनोऱ्याला कशाला तरास दिलास?"

त्यानं घड्याळ खाली ठेवलं. मी जिन्याखालचं पोतं सोडलं. किल्ली घड्याळाच्या पेटीतच होती, बसव्वानं दोऱ्याला बांधून ठेवलेली. जुनं घड्याळ खिळ्यावर टांगलं आणि रेडिओ लावला. सकाळच्या बातम्यांआधी रेडिओवर टुक टुक वाजलं की बसव्वा स्टुलावर चढून मोठा काटा सरकवायची. घड्याळ रोज थोडं मागं पडायचं, ती रोज पुढं घ्यायची. लाखो वर्षांची हमी तिनं कुणाला दिली नाही. ती होती तोवर घरात वेळ बरोबर होती.

"स्टूल धर," मी म्हटलं. गुडघे आता भरवशाचे राहिले नाहीत.

श्रीशैलनं दोन्ही हातांनी स्टूल धरलं. "किती फेरे द्यायचे, अप्पा?"

"हाताला अडंपतुर. तुझी अव्वा मोजत न्हवती."

किल्ली अडली. रेडिओवर टुक टुक झालं तसा मी काटा लावला आणि लंबकाला बोट लावलं. बातम्या सुरू झाल्या.

"त्यो रेडिओ बंद कर," मी म्हटलं. "घड्याळ ऐकू येईना झालंय."