मागे ठेवलेला टेस्टर

ओळखलंत का मला, मित्रांनो? वीतभर पोलादी दांडी, पिवळी पारदर्शक मूठ आणि मुठीत इवलासा दिवा. मी एक म्हातारा टेस्टर. मला तारेला लावून वर बोट टेकवलं की दिवा पेटायचा आणि तारेत वीज आहे हे कळायचं. कळमनुरीच्या बाजारात वैजनाथ मिस्त्रीने मला चांगलं पारखून घेतलं.

तेव्हाचा वैजनाथ म्हणजे सोनं हो! दहाला येतो म्हणाला की दहाला दारात हजर. काम सुरू करण्याआधी मला चालू प्लगमध्ये लावून बघायचा. मी पेटलो, तरच तारेला हात. "आधी टेस्टर तपासावा, मंग तार," म्हणायचा. मला कोण अभिमान वाटायचा!

पुढे त्याचं नाव झालं, फोन खणखणू लागला, आणि नाही म्हणायला त्याची जीभच उचलेना. एका दिवसात चार घरची कामं उघडायची आणि प्रत्येक घरी एक हत्यार ठेवून सटकायचं. "हत्यार इथंच हाय, म्हंजे मी आलोच समजा." एका मिस्त्रीचं हत्यार घरात असताना दुसऱ्याला बोलावणं आमच्याकडे बरं दिसत नाही. हे तो लबाड बरोबर ओळखून होता.

दोन महिन्यांपूर्वी मी शिडीवरून फरशीवर आदळलो आणि माझा दिवा कायमचा गेला. वैजनाथने नवा टेस्टर घेतला. मला मात्र फेकलं नाही. नुसतं ठेवून जायला मी अजून चालत होतो.

एप्रिलच्या उन्हात त्याने मला डोंगरकडा गावी पारुबाईंच्या घरी नेलं. त्यांची लेक रुपा बाळंतपणाला माहेरी आलेली, बाळ बारा दिवसांचं, आणि कूलर बंद. वैजनाथने भिंतीवरचा बोर्ड उघडला, तारा बाहेर काढल्या, तेवढ्यात फोन वाजला. मला कूलरवर ठेवून म्हणाला, "सामान घेऊन येतोच अर्ध्या घंट्यात."

तीन दिवस झाले. फोन केला की "निघालोच". बाळाचं अंग घामोळ्यांनी भरलं, रडून रडून आवाज बसला.

"त्या रणजीत मिस्त्रीला तरी बोलवा न," रुपा म्हणाली.

"वैजनाथचं हत्यार हाय घरात. काय म्हनंल त्यो?" पारुबाई म्हणाल्या.

तिसऱ्या दुपारी पारुबाईंचे यजमान उकंडराव उठले. "लेकरू तडफडून राहिलं अन् आपण वाट पाहून राहिलो. दोन तारा तर जोडायच्या हायेत."

"अहो, करंट असंल!"

"टेस्टर हाय न."

त्यांनी मला उचललं. टोक तारेला लागलं. वीज होती हो, माझ्या टोकापर्यंत आली होती! पण मेलेल्या दिव्याने मी काय सांगणार? बिचाऱ्यांनी पुन्हा एकदा लावून पाहिलं. इतका सावध माणूस!

"बंद हाय," म्हणत त्यांनी मला खाली ठेवलं आणि तार चिमटीत धरली.

हात चिकटला. तोंडातून शब्द फुटेना, सगळं अंग थरथरू लागलं. पारुबाई त्यांना धरायला धावल्या.

"आई, शिवू नको!" रुपा किंचाळली. बाळाला खाटेवर टाकून ती दाराकडे पळाली आणि मेन स्विच खाली ओढला. उकंडराव धाडकन कोसळले. छाती हलेना. पारुबाईंनी हंबरडा फोडला. मग एक श्वास आला, मागून दुसरा. बोटं काळी पडली होती.

शेजारी त्यांना दवाखान्यात न्यायला उचलत होते, तेव्हा वैजनाथ दारात उगवला. "काका, टेस्टर न लावताच तार काहून धरली?"

"लावला व्हता," उकंडराव पुटपुटले. "तुझाच. दोनदा लावला."

वैजनाथ म्हणाला, "त्यो खराब हाय, काका. मला ठावं व्हतं."

पारुबाईंनी मला उचलून त्याच्या हातात दिलं. "न्हाई येत म्हनला असता बाबा, तर राग न्हाई आला असता. आमी रणजीतला बोलावलं असतं."

मित्रांनो, बंद पडलेलं हत्यार त्याच दिवशी मोडून टाका, माझ्यासारख्याची दया करू नका. आणि यायला जमणार नसेल, तर तोंडावर नाही म्हणा. त्या 'नाही'ने कुणाचा हात जळत नाही.